पुढचा अंक निघेलच असं नाही

‘साभार परत.’

मराठीत लिहू पाहणाऱ्या दोन-तीन पिढ्यांना या दोन शब्दांची जेवढी धास्ती होती, तेवढी मॅट्रिकच्या निकालाचीही नसेल. पोस्टमनच्या हातात जाड लिफाफा दिसला की पोटात गोळा यायचा. स्वीकृतीचं पत्र पातळ असायचं. जाड लिफाफा म्हणजे आपलंच बाड घरी परत. त्यावरचा पत्ता आपल्याच अक्षरातला, तिकिटंही आपणच लावून पाठवलेली. नकाराचा टपालखर्चसुद्धा नाकारलेल्यानंच सोसायचा, असा शिरस्ता होता.

ही बाडं जिथून परत येत त्यातला सर्वांत दबदब्याचा पत्ता म्हणजे खटाववाडी, गिरगाव. या पावसाळ्यात एका दुपारी मी तिथे मुद्दाम जाऊन आलो. गिरगावात आता भुयारी मेट्रो येऊन पोचली आहे आणि चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. तरी वाडीत शिरलं की रस्त्याचा आवाज अजूनही एकदम मागे पडतो. याच वाडीत मौज प्रिंटिंग ब्यूरो होता आणि इथूनच ‘सत्यकथा’ निघायची. मला बघायचा होता तो या दारासमोरचा रस्ता. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी इथे ‘सत्यकथा’ जाळली होती. एका मासिकाची होळी! ना त्यात सरकारविरोधी मजकूर, ना कुणाच्या देवाधर्माची निंदा. जाळणारेही कुणी सनातनी नव्हते. ते स्वतः कवी आणि लेखक होते, आणि रागाच्या भरात का होईना, त्यांनी तो अंक आधी वाचलेला होता.

रस्ता नेहमीसारखाच होता. कुणाची तरी स्कूटर लावलेली, एका खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. राखेची खूण राहत नाही, आणि अशा घटनांच्या जागी कुणी पाटीही लावत नाही.

चांगल्या माणसांची सत्ता

या गोष्टीत सहज घसरायला होतं ते इथेच. तरुण म्हणजे शूर आणि म्हातारे म्हणजे खाष्ट, अशी विभागणी केली की लेख आपोआप लिहून होतो. पण ‘सत्यकथा’ खाष्ट नव्हती. 1933 साली सुरू झालेलं हे मासिक पुढे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाती आलं आणि मराठी नवसाहित्याचं घर झालं. मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला त्या काळात नव्या कवितेच्या आणि नव्या कथेच्या बाजूनं उभं राहिलेलं हे मासिक. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांना इथे हक्काची जागा मिळाली. पटवर्धनांसारखा संपादक एकेका कथेवर लेखकाला लांबलचक पत्रं लिहायचा, पुन्हा लिहायला लावायचा, तिसऱ्यांदाही लावायचा. आज असं कोण कुणासाठी करतं?

अडचणही नेमकी तीच होती. वाईट माणसाची सत्ता झुगारणं सोपं असतं. चांगल्या, अभ्यासू, आपलं भलं चिंतणाऱ्या माणसाची सत्ता झुगारताना हात थरथरतो. घरातले वडील मारकुटे असले तर पोरगा पळून जाऊ शकतो. वडील समजूतदार असले आणि दर वेळी नुसतं ‘जरा थांब’ म्हणत असले, तर तो जाणार कुठे?

‘जरा थांब. अजून हे पिकलेलं नाही. पुन्हा लिहून पाठव.’ सत्तेचं हे सर्वांत सौम्य रूप आणि म्हणूनच सर्वांत बळकट. हुकूम न सोडता, शिक्षा न करता ती फक्त वेळ आपल्या हातात ठेवते. तू कधी लिहिता झालास, तुझी कविता कधी कविता झाली, हे आम्ही सांगू. पन्नास-साठच्या दशकांतली मुंबईतली काही पोरं भडकली ती या वेळेच्या मालकीवरून, असं मला वाटतं. शिस्तीला त्यांची तक्रार नव्हती. शब्दाच्या बाबतीत त्यांच्यातले कित्येक जण संपादकांहूनही कडक होते. पण घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावर का, हा त्यांचा सवाल होता.

मेणकागदावरची अक्षरं

बंडाला यंत्र लागतं. इथे ते यंत्र होतं सायक्लोस्टाइल.

माझे वडील शाळेत कारकून होते. सहामाहीचे पेपर काढायच्या दिवसांत मी त्यांच्याबरोबर ऑफिसात जायचो आणि त्या यंत्राचं हँडल फिरवायचो, म्हणून मला ते पक्कं आठवतं. निळसर मेणकागदाचं स्टेन्सिल टाइपरायटरला लावायचं, रिबीन बाजूला करायची आणि टकटक टाइप करत जायचं. अक्षराच्या आकाराएवढं मेण निघून जायचं. चूक झाली की लाल द्रावणाचा थेंब लावायचा, फुंकर घालायची, वाळला की त्यावरच पुन्हा टाइप करायचं. त्या द्रावणाचा वास अजून नाकात आहे. मग स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवायचं आणि हँडल फिरवायचं. पहिल्या प्रती काळ्याकुट्ट, मधल्या झकास, शेवटच्या फिक्या. काहीशे प्रती झाल्या की स्टेन्सिल जागोजागी फाटायचं आणि खेळ संपायचा. टाइप नीट बसला नाही की अक्षराच्या पोटातलं मेण सगळंच उडायचं. मग ‘ठ’च्या जागी नुसता काळा ठिपका. पोरं परीक्षेत विचारायची, ‘सर, हे काय आहे?’

परीक्षेचे पेपर काढणाऱ्या याच यंत्रावर 1954च्या सुमाराला मुंबईत ‘शब्द’ नावाचं कवितेचं नियतकालिक निघालं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ या मित्रांचं ते काम. कोलटकर चित्रकलेच्या वाटेवर होते, वय बाविशीच्या आसपास. चित्र्यांचं वय सोळा. सोळाव्या वर्षी मुलं परीक्षेला बसतात, हा मुलगा परीक्षकांना बाजूला सारून स्वतःचा पेपर काढत होता. ‘शब्द’ 1960पर्यंत अधूनमधून निघत राहिलं. त्याच वर्षी चित्र्यांचा ‘कविता’ हा संग्रह आला.

यातली खरी गंमत तंत्राची आहे. छापखान्यात खिळे जुळवायचे तर पैसा लागतो, कंपॉझिटर लागतो, आणि पैसा आला की मागोमाग ‘हे खपेल का’ हा प्रश्न येतो. सायक्लोस्टाइलला मेणकागद, शाई आणि एक मोकळी रात्र पुरते. ज्या गोष्टीला खर्च नाही तिच्यासाठी परवानगी मागावी लागत नाही. शिवाय प्रती मोजक्याच, स्टेन्सिल फाटलं की पुन्हा काढायची सोय नाही. आज ज्याच्या हाती पडेल त्यानं वाचावं. जपून ठेवण्यासाठी हे काढलेलंच नव्हतं.

वेळ नसलेली कालिकं

1963 हे साल मराठीत जरा विचित्रच उजाडलं. अठ्ठावीस वर्षांच्या अशोक शहाण्यांनी ‘मनोहर’ मासिकात ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख लिहिला आणि मराठी साहित्याची हाडं उघडी करून दाखवली. ज्यांचं नाव घेताना लोक टोपी काढत, त्यांच्याविषयी हा माणूस शांतपणे सांगत होता की इथे आत काही नाही. पुणेरी-मुंबईकर वाङ्मयविश्व खवळलं. त्याच वर्षी शहाण्यांनी ‘असो’ सुरू केलं. नाव बघा. पत्राच्या शेवटी, सगळं सांगून झाल्यावर लिहायचा शब्द यांनी मुखपृष्ठावर घातला.

आणि त्याच वर्षी खानदेशातल्या सांगवीच्या एका पंचवीस वर्षांच्या मुलाची ‘कोसला’ आली. भालचंद्र नेमाड्यांनी ती झपाटल्यासारखी, अगदी थोड्या दिवसांत लिहून काढली. पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, वसतिगृह, खानावळ, उधाऱ्या, गॅदरिंग, उंडारणं, नापास होणं, आणि शेवटी गावी परतणं. वडिलांच्या पैशाची उधळण आणि वडिलांच्या जगाविषयीची चीड यांत सहा वर्षं गेली, हाती काय आलं? तोवर मराठी कादंबरीतला विद्यार्थी एक तर ध्येयवादी असे, नाही तर प्रेमात पडलेला. पांडुरंग दोन्ही नव्हता. तो नुसता होता. पुढे कितीतरी वर्षं महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत मुलं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरत बोलत होती. त्या मुलांना हे पुस्तक कुणी नेमलं नव्हतं. ते खोलीतून खोलीत फिरलं आणि मूळ मालकाकडे बहुधा परत गेलं नाही.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात मग या छोट्या मासिकांना ऊत आला. येरू, फक्त, आत्ता, भारूड, टिंब, चक्रवर्ती. औरंगाबादेत नेमाड्यांचं ‘वाचा’. राजा ढाले, सतीश काळसेकर, तुळसी परब, वसंत दत्तात्रेय गुर्जर, मनोहर ओक, गुरुनाथ धुरी, चंद्रकांत पाटील ही सगळी मंडळी कुठे ना कुठे लिहीत होती, काढत होती, टाके घालत होती, वाटत होती. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वर 1965 साली आचार्य अत्र्यांसारखा तोफखाना तुटून पडला. अत्र्यांना टाळ्या मिळाल्या आणि नाक्यावरच्या पोरांची भाषा पुस्तकात राहिली ती राहिलीच. चंद्रकांत खोत थेट प्रस्थापितांच्या गोटात शिरले. ‘अबकडई’ नावाचा दिवाळी अंकच काढू लागले.

या साऱ्यांना मिळून मराठीत जो शब्द रूढ झाला तो मला फार आवडतो. ‘अनियतकालिक’. इतर भाषांत अशा मासिकांना लहान म्हणतात. मराठीनं त्यांचं आकारमान मोजलं नाही, त्यांचं वेळेशी असलेलं भांडण ओळखलं. ज्याला नियत काळ नाही ते. वर्गणी नको, कारण वर्गणी घेतली की पुढचा अंक द्यावा लागतो. पुढचा अंक निघेलच असं नाही. निघाला तर ते त्या दिवशीचं सत्य, न निघाला तर तेही.

‘आत्ता’ हे तर एका अनियतकालिकाचं नावच होतं. पोटभर जेवलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द ‘मजा करून घ्या’ एवढाच अर्थ देतो. इथे तो तसा नव्हता. ‘साभार परत’ला दिलेलं ते एका शब्दाचं उत्तर होतं. जरा थांब म्हणता? आत्ता.

होळी

पुन्हा खटाववाडीत येऊ.

ढाल्यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा लेख लिहिला होता. आरोप असा की हे मासिक एका विशिष्ट वर्गाच्या अभिरुचीलाच साहित्याची अभिरुची समजतं, आणि त्या मापात न बसणारं सगळं कच्चं ठरवतं. आरोपात तथ्य होतं. पण पुरावा एका बाजूचाच नव्हता. होळीच्या तीनच वर्षं आधी, 1966 साली, याच ‘सत्यकथे’नं चोवीस वर्षांच्या वसंत आबाजी डहाक्यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घ कविता छापली होती. त्या कवितेतली अस्वस्थता कुठल्याही अनियतकालिकाला शोभली असती. म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. फक्त किल्ली आतल्या बाजूला होती.

अंक जाळणं मला पटत नाही. छापील कागद जाळणाऱ्यांची इतिहासातली जमात काही चांगली नाही. पण ढाल्यांचा वारसा आठवला की हात आखडतो. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हा त्यांनाही पुस्तक नष्ट करायचं नव्हतं. पुस्तक ग्रंथालयात सुरक्षितच होतं. जळत होता तो त्याचा अधिकार. वरळीच्या बीडीडी चाळीतून आलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या ढाल्यांना त्या कृतीचा अर्थ कुणी शिकवावा लागला नसेल. शहाण्यांनी क्ष-किरण टाकला, ढाल्यांनी काडी ओढली. दोघांचं लक्ष्य एकच, पण दोघांच्या घराण्याच्या आठवणी वेगळ्या.

आणि इथूनच अनियतकालिकांची गोष्ट दुभंगते.

दोन प्रकारचे ‘आत्ता’

एक ‘आत्ता’ असतो ज्याच्यापाशी वेळ आहे त्याचा. त्यानं सहा वर्षं पुण्यात उधळली तरी परतायला गावी जमीन असते, वडील असतात, रागावलेले का होईना. दुसरा ‘आत्ता’ असतो ज्याला पिढ्यान् पिढ्या ‘थांब’ असंच सांगितलं गेलं त्याचा. त्याच्याकडे उधळायला काही नसतं.

नामदेव ढसाळांचा जन्म 1949चा, पुणे जिल्ह्यातला. लहानपणीच वडिलांमागे मुंबईत आले आणि वाढले ते गोलपिठा-कामाठीपुऱ्याच्या परिसरात. टॅक्सी चालवली. तेविसाव्या वर्षी, 1972 साली, ‘गोलपिठा’ आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. मध्यमवर्गाच्या अंधाऱ्या खोल्या निर्भयपणे उघडणाऱ्या तेंडुलकरांनाही या कवितेतले कितीतरी शब्द कवीला विचारून घ्यावे लागले, हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच मोकळेपणी मांडलं. मराठीच्या मोठ्या नाटककारानं एका टॅक्सीवाल्याकडे मराठीची शिकवणी लावावी! कोण वडील आणि कोण पोर, हा प्रश्न तिथेच उलटापालटा झाला.

त्याच वर्षी ढसाळ, ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत दलित पँथर सुरू केली. इंदापूर तालुक्यातल्या बावडा गावी दलितांवर बहिष्कार पडला होता, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली होती, आणि देशभरातल्या अत्याचारांची जंत्री मांडणारा इलायापेरुमल समितीचा अहवाल संसदेत येऊनही पुढे काही हलत नव्हतं. जुने रिपब्लिकन पुढारी गटातटांत अडकलेले. तेही म्हणत होते, थांबा. वाट बघा. निवेदन दिलं आहे.

15 ऑगस्ट 1972. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं. साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधने’नं दलित प्रश्नावर विशेषांक काढला. संपादक यदुनाथ थत्ते, अंकाची जुळणी तरुण अनिल अवचटांची. त्यात ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख होता. राष्ट्रध्वजाचा अवमान केला तर कायदा किती दंड करतो आणि दलित स्त्रीची अब्रू घेतली तर किती, एवढा साधा हिशेब त्यांनी मांडला. भाषा जहाल होती. महाराष्ट्र हादरला. भल्याभल्या, पुरोगामी म्हणवणाऱ्या लोकांनाही हा लेख रुचला नाही. झेंड्याबद्दल असं लिहिता येतं का, यावर महिनोन् महिने वाद झाला. लेखातल्या दुसऱ्या रकमेबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तीन वर्षांपूर्वी हाच माणूस खटाववाडीत एका मासिकाचा अधिकार नाकारत होता, आता तो प्रजासत्ताकाला हिशेब विचारत होता. मधला प्रवास अनियतकालिकांनीच घडवला. परवानगीशिवाय छापता येतं हे ज्याला कळलं, त्याला परवानगीशिवाय बोलता येतं हेही कळतं. मग रस्त्यावर उतरणं ही पुढची पायरी.

या पायरीची किंमतही वेगळी होती. ‘सत्यकथे’शी भांडणाऱ्याची फार तर कविता परत यायची. 1974च्या जानेवारीत वरळीत सभेवर दगडफेक झाली, दंगल पेटली, आणि 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. त्याच वर्षी मार्क्स की बुद्ध या वादात ढसाळ आणि ढाले वेगळे झाले. 1977 साली ढाल्यांनी संघटना बरखास्त केल्याचं जाहीर केलं. अवघी पाच वर्षं. हीसुद्धा एका अर्थी अनियतकालिकच ठरली. पण त्या पाच वर्षांनी मराठी गावाला आणि मराठी वाक्याला जे वळण दिलं, ते शंभर-शंभर वर्षांच्या संस्थांना जमलेलं नाही.

उधारी कुणाच्या नावावर

क्षणात जगण्याचं कौतुक करताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो. पोरं रात्र-रात्र इराण्याच्या हॉटेलात कवितेवर भांडत होती, तेव्हा घरी दार उघडायला कोण जागं होतं?

वर दिलेली नावं पुन्हा वाचा. एकही बाईचं नाव नाही. हे माझं विसरणं नाही, त्या अड्ड्यांचं आहे. मध्यरात्री उशिरा घरी येणं ही ज्या बंडाची पहिली अट, त्यात गिरगावातली किंवा वरळीतली मुलगी येणार कशी? तिच्या घरचा अधिकार खटाववाडीतल्या संपादकापेक्षा कितीतरी कडक. तिची वही परत येण्यासाठी आधी ती पोस्टात तरी पडायला हवी होती.

या बाजूचं पुस्तक आलं ते 1984 साली, मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. शाहीर अमर शेखांची मुलगी, स्वतः कवयित्री, नामदेव ढसाळांची पत्नी, आणि पुस्तक आलं तेव्हा अजून तिशीही न गाठलेली. रस्त्यावरच्या वादळाबरोबर घर करणं म्हणजे काय, हे तिनं कुणालाही न सोडता, स्वतःलाही न सोडता लिहिलं. या अवघ्या चळवळीत मोठ्या अधिकाराला दिलेलं सर्वांत धाडसी आव्हान कुणाचं, असं मला विचारलं तर मी हेच पुस्तक पुढे करेन. संपादक, पुढारी, सरकार यांच्याशी भांडताना मागे मित्र उभे असतात. जगानं ज्याला बंडखोर म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच्या घरातून बोलताना मागे कुणीच नसतं.

दुसरी उधारी कोर्टातली. वसंत गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता 1983 साली शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं पोस्टर म्हणून काढली. भिंतीवर लावायचा कागद, आज आहे उद्या नाही. अकरा वर्षांनी ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथला निकाल आला 2015 साली. एका पोस्टरचं वय मोजा, बत्तीस वर्षं. क्षणासाठी लिहिलेल्या गोष्टीची तारीख मात्र पडत राहते.

तिसरी उधारी सन्मानाची, आणि ती फेडणं सगळ्यांत अवघड. ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असं तरुण नेमाड्यांनी विचारलं होतं. प्रश्न एवढा झोंबरा की तो मराठीत वाक्प्रचार होऊन बसला. पुढे काय झालं? नेमाड्यांना 2014चा ज्ञानपीठ मिळाला. चित्रे, काळसेकर, डहाके आणि मरणोत्तर कोलटकर अशा सगळ्यांकडे साहित्य अकादमी गेली. डहाके 2012 साली चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ढसाळांना 1999 साली पद्मश्री. आणि ‘सत्यकथा’ 1982 साली बंद पडली. तिला कुणी जाळलं म्हणून नव्हे, काळ संपला म्हणून.

काही लोक यावर हसतात. बघा, बंडवाले शेवटी शालीत गुंडाळले गेले. मला हसू येत नाही. माणूस जगला तर म्हातारा होणारच आणि चांगलं लिहिलं तर कुणीतरी नारळ देणारच. फरक पडतो तो त्यानं घड्याळ कुणाच्या हाती दिलं यानं. कोलटकरांचं पहिलं मराठी पुस्तक ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आलं 1977 साली, ‘शब्द’नंतर तब्बल वीसेक वर्षांनी. इंग्रजी ‘जेजुरी’ला त्याच वर्षी राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला होता, प्रकाशकांची रांग लावता आली असती. पुस्तक काढलं मित्रानं, शहाण्यांनी. त्यानंतरही हा माणूस काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये खिडकीशी बसून समोरचा रस्ता बघत राहिला आणि वही भरत राहिला. ‘भिजकी वही’ आली 2003 साली, ते गेले 2004 साली. सोळाव्या वर्षी ‘आत्ता’ म्हणणारा आणि पंचवीस वर्षं ‘अजून नाही’ म्हणणारा, दोघेही एकाच अड्ड्यातले. थांबण्याला त्यांचा विरोध कधीच नव्हता. दुसऱ्यानं थांबवण्याला होता.

राहू दे मग

अनियतकालिकांचे जुने अंक आता पाहायला मिळतात ते ग्रंथालयांत. मी एका ठिकाणी अर्ज भरला, ओळखपत्र दाखवलं, पिशवी बाहेर ठेवली. कर्मचाऱ्यानं पाकिटातून काही अंक काढून टेबलावर ठेवले आणि बजावलं, पानं जपून उलटा, झेरॉक्स मिळणार नाही, साडेपाचला परत करा. कागद पिवळा पडून बिस्किटासारखा झालेला. स्टेपलच्या पिना गंजून त्यांचे तांबडे डाग मजकुरावर उतरलेले. वाचून फेकून देण्यासाठी काढलेली ही पानं, आणि त्यांच्यासाठी आता एवढे नियम. मी ते सगळे निमूटपणे पाळले.

माझ्या एका मित्राची मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. ती आणि तिच्या मैत्रिणी एक उद्योग करतात. ए-फोर कागदाला घड्या घालून, मधे एक काप देऊन त्याची आठ पानांची चिटुकली पुस्तिका बनवतात. एका बाजूला चित्रं, मजकूर हातानं लिहिलेला, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून पन्नास प्रती. नाव दर वेळी वेगळं. किंमत एक वडापाव किंवा एक कटिंग. एका अंकात त्यांच्या वसतिगृहाच्या दाराची चित्रं होती. दार एकच, फक्त घड्याळ वेगळं. मुलांच्या इमारतीचं अकराला बंद होतं, मुलींचं साडेआठला. आठ पानांत एक वाक्यही नव्हतं. तो अंक रेक्टरबाईंच्या टेबलावरही पोचला म्हणे. पुढे काय झालं विचारलं, तर म्हणाली, ‘मीटिंग झाली. आम्हाला थांबायला सांगितलंय.’

मी तिला सायक्लोस्टाइलचं सांगितलं. खटाववाडीचं, शहाण्यांचं, ढाल्यांचं, मल्लिकाबाईंचं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मला वाटलं, आता ही भारावून जाणार. ती म्हणाली, ‘काका, हे भारी आहे. तुम्हीच लिहा ना आमच्यासाठी. एका पानावर मावेल एवढं. उद्या संध्याकाळपर्यंत द्या, परवा झेरॉक्स मारायचंय.’

‘अगं, उद्या कसं जमेल? एकदा सगळं तपासून घेतो, तारखा बघतो. पुढच्या महिन्यात नीट लिहून देतो.’

‘पुढच्या महिन्यात आम्ही काढू की नाही माहीत नाही,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. ‘राहू दे मग. पण थँक्यू हां, काका.’

ती जिना उतरून गेली आणि मला कळलं की आयुष्यात पहिल्यांदाच, अजून न लिहिलेला लेख मला साभार परत आला होता.